गेहरीलालची दुर्बीण आणि भेरूची नाव

गेहरीलाल माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन देवालीत आले तेव्हा तो एवढासा होता आणि नाक पुसायला माझ्या ओढणीचं टोक वापरायचा. सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे त्याला न्हाऊ घालणं, जेवू घालणं, मारणं आणि मग समजूत काढणं हे सगळं माझ्या वाट्याला आलं. तो मला आजवर भाभीसा म्हणत आलाय, पण भांडतो मात्र आईशी भांडावं तसा.

आम्ही कीर, तळ्याची माणसं. पाणी असलं की नावा चालवायच्या आणि शिंगाडे काढायचे. पाणी आटलं की त्याच गाळात खरबुजं लावायची. आमच्या फतेहसागर तळ्याच्या मधोमध खडकाचं बेट आहे, तिथे माझ्या सासऱ्यांच्या काळी पाणकावळे पंख वाळवत बसायचे, बाकी काही नव्हतं. मग साहेब लोक आले. त्यांना म्हणे सूर्य बघायचा होता. माझे सासरे म्हणाले, सूर्य तर काठावरूनही दिसतो, त्यासाठी पाण्यात कशाला जायचं? त्यावर साहेबांनी त्यांना समजावलं, की जमीन तापली की तिच्यावरची हवा तव्यावरच्या हवेसारखी थरथरते आणि दुर्बिणीतला सूर्यही थरथरतो. पाणी तसं तापत नाही, म्हणून चारी बाजूंनी पाणी असलेली जागा बरी. सासऱ्यांना हे पटलं की नाही ठाऊक नाही, पण नाव त्यांनी दिली. दुर्बिणीच्या पेट्या आमच्याच नावेतून बेटावर गेल्या. गेहरीलाल एका पेटीवर पाय सोडून बसला होता. आत काच आहे असं कोणीतरी ओरडलं, तेव्हा तो असा घाबरला की बेट येईपर्यंत उभाच राहिला.

पुढे तो तिथेच चिकटला. आधी साहेबांना नावेतून ने-आण करायची, मग आवार झाडायचं, मग घुमट उघडायचा, मग काच पुसायची. असं करत करत एक दिवस त्याला दुर्बिणीशी बसवलं. त्याचं काम ऐकायला सोपं होतं. सूर्यावर काळे डाग असतात. त्यातला साहेबांनी सांगितलेला डाग नळीतल्या दोन बारीक तारांच्या फुलीवर धरून ठेवायचा, सूर्य चालत राहील तसं चाक हळूहळू फिरवायचं आणि डाग फुलीवरून हलू द्यायचा नाही. सकाळभर. नंतर यंत्र आलं, ते आपोआप चाक फिरवायचं, पण यंत्राच्या शेजारी गेहरीलाल बसलेलाच असायचा. ढग आला की यंत्र गोंधळायचं आणि ढगालाच सूर्य समजायचं.

तो सूर्याला बापजी म्हणायचा, आम्ही सगळेच म्हणतो. होळीनंतर आम्ही बाया एक जाड रोट भाजतो, त्याला मधे भोक पाडतो आणि त्या भोकातून सूर्य बघून नवऱ्याला आयुष्य मागतो. मी त्याला म्हणायची, आम्ही वर्षातून एकदा भोकातून बघतो तर एवढं मागून घेतो, तू रोज बघतोस, काहीतरी माग की. तो म्हणायचा, मागायला बसलो तर डाग हलेल.

मागितलं असतं तर बरं झालं असतं. त्याची बायको झमकू तापाने गेली, मुलगी कंकू तेव्हा रांगत होती. त्याने दुसरं लग्न केलं नाही. कंकू माझ्याच हाताखाली वाढली. बाप पहाटे बेटावर जायचा आणि दुपारी परत यायचा, डोळे चोळत, कपड्यांना तेलाचा वास. कंकू विचारायची, आज बापजी काय करत होते? तो तिला मांडीवर घेऊन सांगायचा, आज शांत होते, नाहीतर आज चिडले होते, अंगावरून लाल केस उडवत होते. तिला वाटायचं बाप कुण्या म्हाताऱ्याच्या चाकरीला आहे.

कंकूचं लग्न आम्ही कीरांतच केलं, भेरूशी. तळ्याच्या पलीकडच्या काठाला त्यांचं घर. भेरू देखणा, बोलका आणि थोडा घाईचा. वल्ह्याची नाव त्याला आवडायची नाही. पर्यटकांना वेग हवा असतो म्हणायचा. शेवटी त्याने मोटार बसवलेली मोठी नाव घेतली. कंकूच्या पायांतली चांदीची कडी त्या मोटारीत गेली. मी तिचे रिकामे पाय पाहिले, तशी तीच म्हणाली, "काकीसा, असं बघू नका. जड होती ती, चालताना लागायची."

भेरूने एक नवी फेरी काढली, सकाळची. सूर्य उगवताना बेटाला वळसा, परत काठाला, पुन्हा नवी माणसं, पुन्हा वळसा. हॉटेलातले पाहुणे ओळीत उभे राहायचे. दुसऱ्या कोणाची नाव तेवढ्या सकाळी निघायची नाही, त्यामुळे सगळं गिऱ्हाईक त्याचं. थंडीचे दिवस, वारा नाही, तळं आरशासारखं. आम्ही काठावर भांडी घासत असलो तर मोटारीचा आवाज ऐकू यायचा, जरा वेळाने लांब जायचा, जरा वेळाने परत यायचा. मला बरं वाटायचं. कंकूचं घर चालल्याचा तो आवाज होता.

त्याच थंडीत बेटावर एक मुलगी आली, ओडिशाची, सस्मिता पाढी. आम्ही तिला पाढीबाई म्हणायचो. बारीक, चष्मा, आणि भाताशिवाय जिचा जीव कासावीस होतो अशी. पाहुणेघरात तिला रोज रोट्या मिळायच्या. गेहरीलालने हे येऊन सांगितलं तेव्हा मी म्हटलं, घेऊन ये तिला, भात काय आपल्याला रांधता येत नाही? तेव्हापासून ती अधूनमधून दुपारी यायला लागली. पाटावर मांडी घालून बसायची, भाताचा डोंगर करायची, त्यात कढी ओतायची आणि मग बोलायला लागायची.

सूर्यावर लाटा उठतात हे मला तिनेच सांगितलं. आपल्याला दिसतो तो सूर्याचा गोळा आणि त्याच्या लगेच वरती, दुधावर असते तशी, पातळ लालसर साय असते. त्या सायीत आणि तिच्या खाली सगळं सतत वर-खाली होत असतं. एका जागी वर, थोड्या मिनिटांनी खाली, पुन्हा वर. डागाच्या मधून लाटा उठून कडेकडे पळतात. मी चुलीवरच्या राबेकडे, ताकातल्या पेजेकडे, बोट दाखवलं. मक्याची राब आटत आली की अशीच बुडबुड करते. ती म्हणाली, हो मासी, पण राब कशीही उसळते, ही मोजून उसळते. ती ते मोजायला आली होती. त्यासाठी पहाटेपासून दुपारपर्यंत थोड्या थोड्या वेळाने सूर्याचा फोटो घ्यायचा, मधे खंड पडू द्यायचा नाही. मग ते सगळे फोटो कॉम्प्युटरला खाऊ घालायचे आणि त्यातून ठेका शोधायचा. ढोलाच्या गोंगाटात एखादाच हात ठेक्यावर पडत असतो, तो ऐकू आला पाहिजे, असं ती म्हणायची.

एक दिवस ती नाचतच आली. तिला ठेका सापडला होता. बाकीच्या लाटांचे ठेके सैल असतात, कधी जरा लवकर, कधी जरा उशिरा. हा मात्र सुईसारखा टोकदार होता आणि आजवर कोणी लिहिलेला नव्हता. तिचे मोठे साहेब, कोठारीसाहेब, सावध माणूस. ते म्हणाले, आणखी दोन महिने बघू. पण त्यांनीही त्या दिवशी सगळ्यांना कचोरी खाऊ घातली. पाढीबाईने भात दोनदा घेतला. गेहरीलाल भिंतीला टेकून बसला होता आणि त्याने एकदाही घेतला नाही. मला वाटलं पोट बिघडलं असेल.

पोट बिघडलं नव्हतं. पुढचे कित्येक दिवस तो तसाच. राब पुढ्यात निवून जायची. रात्री झोपेत कूस बदलायचा, ते बाजल्याच्या करकरीवरून कळायचं. एकदा दुपारी तो चुलीपाशी येऊन बसला आणि काटकीने राख उकरायला लागला. मी म्हटलं, आता राखेत काय लपवलंयस ते तरी सांग.

त्याने सांगितलं. त्या फुलीवर डाग धरून बसलेला असताना त्याला दिसायचं, की डागाची कड मधूनमधून थरथरते, जरा वेळाने निवते, मग पुन्हा थरथरते. आणि प्रत्येक थरथरीच्या आधी मोटारीचा आवाज यायचा. भेरूची नाव बेटाच्या उगवतीच्या बाजूने अगदी जवळून जायची. सकाळच्या बिनवाऱ्याच्या हवेत तिचा गरम धूर पाण्यावर पसरून राहायचा, आणि दुर्बीण नेमकी त्याच्यावरून उगवतीकडे बघत असायची. भेरू गिऱ्हाईक बसवून वळसा घालून परत यायला जेवढा वेळ घ्यायचा, तेवढाच पाढीबाईच्या सुईचा ठेका.

मी विचारलं, खात्री आहे? तो म्हणाला, पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं तर सकाळची फेरी बंद होईल, भाभीसा. ती फेरी गेली तर त्या घरात राहिलं काय?"

पोरगी माझीही होती. तो राख उकरत राहिला आणि मग म्हणाला, की आज आणखी एक झालं. पाढीबाईच्या लक्षात आलं, की हा ठेका महिन्यातून एक दिवस गायब होतो. कॅलेंडर काढून पाहिलं तर तो दिवस अमावस्येचा. आता ती आणि कोठारीसाहेब दार लावून बसले होते. चंद्र सूर्याच्या बाजूला गेला की सूर्याची लाट दबते का, याचा हिशेब चालला होता. साहेब म्हणत होते, असं होऊ शकत नाही. ती म्हणत होती, मलाही पटत नाही, पण दोन्ही महिन्यांत झालंय.

मला हसू आलं, आणि हसू आल्याचं वाईटही वाटलं. अमावस्येला आम्ही कीर नाव पाण्यात घालत नाही. वाडवडिलांना धूप देतो, लापशी करतो, नाव काठाला उलटी करून ठेवतो. फक्त बेटावरच्या वेधशाळेची नाव जायची. ती सरकारी, तिला अमावस्या लागू नाही असं गेहरीलालच म्हणायचा, आणि कानाची पाळी धरून माफी मागून वल्हं हातात घ्यायचा. त्याखेरीज त्या दिवशी तळ्यावर चिटपाखरू नसायचं. पाढीबाई पहाटेपासून अंधाऱ्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसलेली, तिला तळ्यावर काय आहे आणि काय नाही हे कुठून दिसणार? तिने वर बघितलं, चंद्राकडे.

गेहरीलाल म्हणाला, "भाभीसा, ती पोरगी हे कागदावर लिहून जगाला सांगणार. मग कोणीतरी दुसरीकडे बघेल आणि त्याला काही दिसणार नाही. तिचं नाव खराब होईल."

मी म्हटलं, मग आधी आपल्या घरी बोल. भेरूला सांग, बेटाला वळसा नको, दुसरीकडून फिरव. जवळच्याने सांगितलेलं आणि साहेबाने सांगितलेलं यात फरक असतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं पाळेवरून, तळ्याच्या बांधावरून, चालत कंकूकडे गेलो. भेरूने "पधारो बासा, पधारो काकीसा" म्हणून खाट टाकली. मुलीच्या घरचं पाणी आम्ही पीत नाही, म्हणून कंकूने विचारलंही नाही, नुसती दाराशी उभी राहिली. चालून आमचे घसे कोरडे पडले होते. गेहरीलालला तशाच घशाने बोलावं लागलं. त्याला मुळात बोलायची सवय कमी. तो धुराबद्दल बोलला, डागाच्या कडेबद्दल बोलला, पाढीबाईबद्दल बोलला, आणि शेवटी म्हणाला, की दुपारपर्यंत बेटाची बाजू सोड, पलीकडच्या अंगाला फेरी मार.

भेरूने सगळं ऐकून घेतलं. जावयाला शोभेल इतक्या अदबीने ऐकलं. मग म्हणाला, पलीकडे बघायला आहे काय, बाभळी आणि धोबीघाट? पाहुणे बेट बघायला येतात, बेटावरची दुर्बीण बघायला येतात. मी त्यांना सांगतो, माझे सासरे आत बसून सूर्याला धरून ठेवतात. ते फोटो काढतात.

"थोडे दिवस," गेहरीलाल म्हणाला.

"बासा, तुमचा धनी तो वर बसलाय. तो हललाय का माझ्या मोटारीने कधी? हलते ती तुमची काच. काचेचा इलाज करा ना."

गेहरीलालकडे याला उत्तर होतं, पण ते सासऱ्याने जावयाला द्यायचं नव्हतं. मी कंकूकडे पाहिलं. ती बापाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग होता. तिने एवढंच विचारलं, "बासा, हे तुम्ही साहेबांना सांगणार?"

"अजून सांगितलं नाही," तो म्हणाला.

परत येताना तो माझ्या पुढे चालत होता. कुठेही थांबला नाही, पाणपोईवरही नाही. मीच थांबले, मला तहान लागली होती.

होळीच्या आधीची अमावस्या आली. सकाळी गेहरीलाल सरकारी नाव घेऊन बेटावर गेला. दुपारी परत आला तो पाढीबाईला घेऊनच, कारण अमावस्येची लापशी तिला मी कबूल केली होती. भातही लावला होता. आमच्या अंगणात त्या दिवशी गर्दी. शेजारचे, मागच्या गल्लीतले, सगळे पुरुष घरी, कोणी निंबाखाली पत्ते खेळतोय, कोणी नावेला डांबर लावतोय. काठावर ओळीने नावा उलट्या ठेवलेल्या, त्यांच्या बुडांवर कोंबड्या चढलेल्या. पाढीबाई दारात चपला काढता काढता थांबली. ती खूप वेळ त्या नावांकडे बघत राहिली. मग आत येऊन पाटावर बसली. मी वाढलं. तिने घास हातात घेतला आणि तोंडात घातला नाही.

"दादा," तिने गेहरीलालला विचारलं, "आज सगळ्या नावा बंद का आहेत?"

मी पळी हातात धरून उभी होते. त्याला काहीही सांगता आलं असतं. कोणाचं मयत आहे, कोणाच्या घरी लग्न आहे, तळ्यावर सरकारी तपासणी आहे. ती इथली नव्हती, तिने खरं मानलं असतं. दोन-तीन महिन्यांनी ती आपल्या गावी गेली असती. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, त्याच्याही आलं असणार. तो आपल्या ताटात बघत होता.

"आज अमावस्या आहे," तो म्हणाला. "अमावस्येला आम्ही नाव काढत नाही."

पाढीबाईने घास ताटात ठेवला. तिचं गणित आमच्या डोळ्यांसमोर झालं, चेहऱ्यावर एकेक पायरी दिसत होती. ती हुशार मुलगी, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. मग तिने विचारलं, बेटाजवळून सकाळी कोण जातं? गेहरीलालने सांगितलं, माझा जावई. धुराचंही सांगितलं. त्याला आधीपासून माहीत होतं का, हे तिने विचारलं नाही. मला वाटतं तिला कळलं, आणि विचारून त्याला खाली मान घालायला लावायचं नव्हतं. ती उठून मोरीपाशी गेली आणि बराच वेळ हात धूत बसली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. "जेवू या, दादा. भात निवतोय," म्हणाली, आणि खरंच जेवली. ठेका खोटा निघाल्याचं तिला दुःख होतं, पण ते घेऊन ती माझ्या रांधण्यावर रुसली नाही, म्हणून मला ती आवडते.

पुढचं जसं व्हायचं तसं झालं. कोठारीसाहेबांनी तळ्याच्या कचेरीला पत्र लिहिलं, आणि दुपारपर्यंत मोटारीच्या नावांनी बेटापासून लांब राहावं असा हुकूम निघाला. कोठारीसाहेबांनी भेरूला बोलावून नीट समजावलं, दुपारनंतर हवं तेवढं फिर म्हणाले. पण दुपारनंतर सगळ्यांच्याच नावा असतात. भेरूचं गिऱ्हाईक पातळ झालं. त्याने सासऱ्याशी बोलणं सोडलं. लोकांना तो सांगायचा, माझ्या सासऱ्याने मुलीपेक्षा डाग मोठा मानला. हे वाक्य देवालीत घरोघर गेलं, आमच्या घरी तर रोज कोणी ना कोणी घेऊन यायचं. मी म्हणायची, चहा घेणार की नुसतं हेच सांगायला आलात?

गणगौरीला लेकी माहेरी येतात. कंकू आली नाही. मी तिच्यासाठी सणाचे गोड गुणे तळून ठेवले होते, ते शेजारच्या पोरांनी संपवले. गेहरीलाल त्या दिवशीही बेटावर गेला. संध्याकाळी आला, अंगणात बसला, तळ्याच्या पलीकडच्या काठावर दिवे लागले ते बघत राहिला. मी त्याला म्हटलं, जाऊन बोलावून आण. तो म्हणाला, "मी बोलावलं तर तिला नवऱ्याला टाकून यावं लागेल. तिला ठरवू दे."

वैशाखात ती आली. एकटीच आली, आणि घरी न येता सरळ वेधशाळेच्या धक्क्यावर जाऊन उभी राहिली. मी तिला रस्त्यावरून जाताना पाहिलं म्हणून मागे गेले. गेहरीलाल नाव सोडायच्या बेतात होता. कंकूने त्याला हाकही मारली नाही. "मला दाखवा," म्हणाली.

त्याने मला विचारायच्या आधीच मीही नावेत बसले. एवढ्या वर्षांत मी बेटावर गेले नव्हते. कोणी बोलावलं नव्हतं आणि मला कामं होती.

घुमटाखाली गारवा होता. पाढीबाई कॉम्प्युटरपुढे बसलेली, तिने कंकूला खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली. भेरूच्या धुराच्या वेळेचे फोटो काढून टाकून तिने सगळं पुन्हा मोजलं होतं, नवे फोटोही घेतले होते. त्यात तिला जे मिळालं ते नवं नव्हतं, आधी दुसऱ्यांनीही पाहिलेलं होतं, पण ते खरं होतं आणि आपल्या दुर्बिणीतून आजवरचं सगळ्यात स्वच्छ होतं. तिने सकाळभराचे फोटो भराभर पळवून दाखवले. पडद्यावर लाल-काळा डाग आला. त्याच्या काळ्या पोटातून एक गोल रेघ निघाली आणि कडेकडे पसरत गेली. ती कडेला विरते तोवर पोटातून दुसरी निघाली. मग तिसरी. शांत पाण्यात खडा टाकल्यावर दिसतं तसं, फक्त खडा कोणी टाकत नव्हतं.

कंकू खूप वेळ बघत होती. गेहरीलाल तिच्या मागे उभा होता, टोपी हातात घेऊन.

"यासाठी?" तिने मागे न बघता विचारलं.

"हो," तो म्हणाला.

मला वाटलं आता ती उठेल. ती उठली नाही. तिने पाढीबाईला पुन्हा पहिल्यापासून दाखवायला सांगितलं, मग आणखी एकदा. एक लाट मधेच तुटली, तिथे तिने बोट लावून विचारलं, हे काय झालं? पाढीबाई म्हणाली, ते मलाही अजून कळलेलं नाही. कंकूने मान हलवली. मग बापाकडे वळून म्हणाली, की भेरू येणार नाही. बोलणारही नाही, इतक्यात तरी नाही. त्याने मोटार विकायला काढली आहे, आणि ती स्वतः पावसाळ्यानंतर पाळेवर शिंगाडे उकडून विकायला बसणार आहे. जागा ठरवून आली आहे. हे सगळं तिने हिशेब सांगावा तसं सांगितलं.

"मी येत जाईन," ती शेवटी म्हणाली. "त्यांना सांगून येईन, चोरून येणार नाही."

परतताना गेहरीलाल वल्हवत होता आणि कंकू नावेच्या तोंडाशी बसली होती, हात पाण्यात सोडून. उन्हं चढली होती. धक्का आल्यावर तिने उडी मारून दोर बांधला, लहानपणापासून बांधायची तसा, आणि मला हात देऊन उतरवलं.

भेरू अजून आमच्या अंगणात पाय ठेवत नाही. रस्त्यात भेटला तर माझ्या पाया पडतो, गेहरीलालला बघून नजर वळवतो. गेहरीलाल निवृत्त झाला तरी सकाळी धक्क्यावर जाऊन बसतो. कंकू महिन्यातून दोनदा येते, शिंगाड्यांची टोपली घेऊन, आणि बापलेक निंबाखाली बसून ते सोलतात.